खोटा नवस

आमच्या गावात दहाएक महिने सगळे असंच धरून चालले होते, की माझे केस मी तिरुपतीला दिले. तसं मीच सांगितलं होतं. त्या साली मी तिरुपतीला गेलेच नव्हते. माझे केस नांदेडच्या कॅन्सर दवाखान्यात दुसरी केमो झाल्यावर गेले, आमच्याच न्हाणीघरात, डोक्यावरून पाणी घेताना. मोरीच्या जाळीवर ते साचले, पाणी तुंबलं, तेव्हा हाताने गोळा करून मी ते वर्तमानपत्राच्या कागदात बांधले.

आजाराबद्दल लिहिणं मला अवघड नाही. आजारपणात मी कशी वागले, ते लिहायला मात्र फार दिवस हात धजावला नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वरच्या वर्गांना विज्ञान शिकवते. सासर वसमत तालुक्यातलं, कुरुंद्याच्या बाजूचं, आणि शाळाही त्याच गावात, त्यामुळे मी गावाची सूनही आहे आणि गावाची मॅडमही. आजाराच्या आधी दोन वर्षं मी शाळेत मातांचा मेळावा घेतला होता. आशाताईंनी तक्ते लावले, आणि छातीतली गाठ घरच्या घरी कशी तपासायची ते मी बायांना समजावून सांगितलं. बाया पदर तोंडावर धरून हसत होत्या. "हसू नका, लाजू नका, गाठ लागली तर त्याच दिवशी सांगा," असं मी म्हणाले होते.

मला स्वतःला गाठ लागली ती सोयाबीनच्या पेरणीच्या दिवसांत. मी ती कुणाला सांगितली नाही. आधी म्हटलं, पेरणी उरकू दे. मग म्हटलं, महालक्ष्म्या उठू देत. तोवर तीन महिने गेले होते आणि गाठ लिंबाएवढी झाली होती. ह्यांना सांगितलं तेव्हा हे खाटेवर बसूनच राहिले. एवढंच म्हणाले, "उद्याच जाऊ."

ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली. शाळेत रजा टाकली ती गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी म्हणून. लेकीची सोयरीक त्याच सुमारास हिंगोलीच्या एका घरी चालली होती. आईला कॅन्सर आहे म्हटल्यावर लोक लेकीकडेही त्याच नजरेने बघतील, ही माझी भीती. लेक पुण्याहून फोनवर म्हणायची, "आई, सांगून टाक ना त्यांना. तुटायची असली तर आत्ताच तुटू दे." मीच तिला गप्प केलं. लपवायचा हट्ट माझा होता, हे इथे साफ लिहायला पाहिजे, कारण पुढे काही जणांनी तो दोष ह्यांच्यावर टाकला.

केस गेल्यावर मात्र गर्भपिशवीचं कारण पुरेना. केमोसाठी मी आठवडाभर नांदेडला बहिणीकडे राहिले होते. त्याच आठवड्यात ह्यांचे परभणीचे एक मित्र तिरुपतीहून आले होते आणि त्यांनी प्रसादाचे दोन मोठे लाडू आम्हाला दिले होते. तेच लाडू मी फोडले, कागदाच्या पुड्या केल्या आणि गल्लीत घरोघर पाठवल्या. लेकीची सोयरीक जुळावी म्हणून नवस बोलले होते, तो फेडून आले, असं सांगितलं. बाया भेटायला आल्या. डोक्याच्या रुमालाकडे बघून दोघी-तिघींनी वाकून माझ्या पायांना हात लावला. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुझ्यासारखी सरधा आमाला न्हाई जमायची." मी तिला खांद्याला धरून उठवलं आणि चहा ठेवायला आत गेले.

फेब्रुवारीच्या शेवटी शेक सुरू झाले. रेडिएशनला दवाखान्यात सगळे शेकच म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे. मशीन दवाखान्याच्या तळघरात. जाड भिंती, त्याहून जाड दरवाजा, आणि बाहेर लोखंडी बाकांच्या दोन रांगा. छातीवर जांभळ्या शाईने रेघा ओढून देतात आणि त्या पुसू नका, साबण लावू नका, असं बजावतात. हळद काढायचे, शिजवायचे दिवस होते. ह्यांना शेत सोडता येईना. मी एकटी वसमतला जायची आणि तिथून एसटीने नांदेडला.

तिसऱ्या दिवशी बाकावर बसले होते, तर समोर आमच्या शाळेतल्या खिचडीच्या बाई उभ्या. त्यांच्या घरचा धंदा मेंढरांचा. मालक आणि दीर वर्षातले सात-आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर असायचे, आणि ह्या मागे राहून शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. थोरली लेक माझ्या वर्गात होती. दिवाळीपासून त्यांच्या जागेवर तात्पुरती त्यांची जाऊ येत होती, आणि त्यांना कॅन्सर झाल्याचं सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत होतं, कारण त्या स्वतःच सांगायच्या. "मला क्यान्सर झालाय, पिशवीच्या तोंडाला. नांदेडला दाखवून राहिले." दात दुखतो म्हणावं, इतक्या सरळ.

"म्याडम, तुमी?" त्या म्हणाल्या. "काहून आल्या इथं?"

"एका पाहुण्यांना घेऊन आले," मी म्हणाले.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. माझ्या बाजूला कुणीच नव्हतं. तेवढ्यात आतली मुलगी दारात आली, माझं नाव पुकारलं आणि म्हणाली, "डाव्या बाजूचा शेक, चला, कपडे बदला."

मी उठले. त्यांच्याकडे बघितलं नाही. शेक होऊन बाहेर आले, तेव्हा त्या माझी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाकावर कुणीतरी ती सरकवून खाली पाडली होती म्हणे. मी शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "गावात कुणाला माहीत नाही. लेकीचं लग्न ठरतंय."

"मंग मला तरी काहून माहीत असंल?" त्या म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली.

त्यानंतर त्यांनी मला एकदाही त्याबद्दल विचारलं नाही. तिरुपतीच्या लाडवाची पुडी त्यांच्याही घरी गेली होती. त्याचाही शब्द त्यांनी काढला नाही.

त्या पाच आठवड्यांत त्यांच्याइतका आधार मला कुणाचा झाला नाही. ऑपरेशनमुळे माझा डावा हात मागे जायचा नाही. शेकायला घालायच्या झग्याच्या नाड्या पाठीवर असतात. पहिले दोन दिवस मी झगा तसाच हाताने धरून आत गेले होते. नंतर त्या रोज कपडे बदलायच्या खोलीत येऊन नाड्या बांधून द्यायच्या. माझी उघडी छाती घरच्यांनंतर पाहिलेली ती एकच बाई. पहिल्या दिवशी त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "टाके चांगले घातले डाक्टरनं. साफ हाय." एवढंच. मला रडू आलं, कारण मी स्वतः अजून आरशात नीट पाहिलं नव्हतं.

त्यांचा शेक पोटाचा. त्यांना शेकाआधी बाटलीभर पाणी पिऊन लघवी धरून बसावं लागायचं. मशीन अडकलं की हाल व्हायचे. तेव्हा मी माझा नंबर त्यांना द्यायची. बाकावर सगळ्यांची एकच बोलणी. "तुमचे किती झाले?" "बारा. तुमचे?" "माझे नऊ राहिले." डबे उघडले की त्या भाकरी आणि वाळल्या मिरच्यांचा ठेचा पुढे करायच्या. माझ्या तोंडाची चव गेली होती, पण तो ठेचा लागायचा.

हे सगळं तळघरात. वर, रस्त्यावर, मी वेगळी होते. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणाले, "बसमध्ये आपण वेगवेगळ्या बसू या का? वसमतला गावातलं कुणी ना कुणी भेटतं."

"बसू की," त्या म्हणाल्या.

मी पुढे, कंडक्टरच्या जवळ बसायची. त्या मागे, चाकावरच्या सीटवर. जागा असली तरी त्या मागेच जायच्या, म्हणजे मला पुढे मोकळं बसता यावं. त्या रस्त्याला मागच्या सीटवर काय आदळतं, ते तिथल्या माणसाला सांगायला नको. आणि त्यांचं दुखणं पोटातलं, खालचं. एकदा मी सहज मागे वळून पाहिलं. त्या पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून, अंग उचलून अर्धवट उभ्या होत्या. मी मान पुन्हा पुढे वळवली. पुढे या, असं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे माझी पिशवी होती.

मार्चच्या शेवटी त्यांचे शेक संपले, आठवड्याने माझे. मे महिन्यात लेकीचं लग्न झालं, आमच्याच दारात. केस बोटभर आले होते. मी डोक्यावरून पदर घेतला आणि गावच्या पंगतीत स्वतः वाढलं. अर्धं गाव माझ्या हातची बुंदी खाऊन गेलं. खिचडीच्या बाई आपल्या लेकीला घेऊन आल्या, आहेर दिला, जेवल्या आणि गेल्या. लग्न झालं म्हणजे लपवायचं कारणही संपलं होतं. तरी मी गप्पच राहिले. आता सांगितलं तर लाडवांचं काय, पायांना हात लावलेल्या बायांना काय तोंड दाखवू, एवढंच मनात यायचं.

जूनमध्ये शाळा उघडली. त्या कामावर परत येणार होत्या. डॉक्टरांनी हलकं काम करायला हरकत नाही असं लिहून दिलं होतं. पण दोन-चार पालक मुख्याध्यापकांकडे आले, म्हणून शाळा समितीची बैठक बोलावली. मुख्याध्यापक, सात-आठ पालक आणि शिक्षकांतर्फे मी. त्यांना बोलावलंच नव्हतं.

एक पालक म्हणाले, "आमचं त्या बाईशी काही वैर न्हाई. पन लेकरायच्या पोटात जायची गोष्ट हाय. क्यान्सरवाल्या हाताची खिचडी काहून खायची?"

दुसरे म्हणाले, "आमच्या घरी तर तिच्या शेळीचं दूधबी बंद केलं."

मुख्याध्यापक भले माणूस. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता. तुम्हीच सांगा. हे एकाचं दुसऱ्याला होतं का?"

 उत्तर एका शब्दाचं होतं. त्या खोलीतल्या प्रत्येकाने महिन्यापूर्वी माझ्या हातचं खाल्लं होतं आणि सगळे ठणठणीत समोर बसले होते. पण मला वाटलं, मी फार जोर लावून बोलले तर कुणाला तरी संशय येईल. हिला एवढं कसं माहीत, हिचे केस असे कसे, असं कुणीतरी जोडून बघेल. डाव्या बाजूला ब्लाऊजमध्ये मी कापूस भरलेला होता. तो नीट आहे का, हे मी पदराआडून चाचपलं. आणि म्हणाले, "लागण होत नाही, असं विज्ञान सांगतं. पण पालकांच्या मनात किंतु असेल, तर तोही बघावा लागेल. आणि त्यांनाही अजून आराम हवा. चुलीपुढे उभं राहणं त्यांना झेपायचं नाही."

सगळ्यांच्या माना हलल्या. सगळ्यांचं अवघड मी सोपं करून दिलं होतं. वहीत 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं गेलं. त्याखाली सह्या झाल्या, त्यात माझीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. मी सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते. खिडकीतून स्वयंपाकाची खोली दिसते. मुख्याध्यापक त्यांच्याशी बोलत होते, त्या मान हलवत होत्या. मग त्यांनी कमरेची किल्ली काढली, कट्ट्यावर ठेवली आणि निघाल्या. त्यांची लेक वर्गात तिसऱ्या बाकावर होती. तिनेही ते पाहिलं. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले. फळा भरला की मला मुलांकडे वळावं लागेल, म्हणून अक्षरं बारीक काढत राहिले.

सप्टेंबरमध्ये तपासणीची तारीख होती. आम्हा दोघींना एकच दिवस मिळाला होता. त्या आधीच येऊन बसल्या होत्या. मी गेले आणि नेहमीसारखी शेजारी बसले. कशा आहात, विचारलं. बरी हाय, म्हणाल्या. 

"मीटिंगीत तुमी काय बोलल्या, ते मला कळलं," त्या म्हणाल्या.

मी मांडीवरच्या फाइलीची दोरी गुंडाळत राहिले.

"मला वाटलं व्हतं, एक मानूस तरी तिथं बराबर बोलंल. बाकीच्यायला काय माहीत? तुमाला तर माहीत व्हतं." त्यांचा आवाज चढला नाही. आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नये एवढा तो खाली होता, आणि तेही माझ्याचसाठी. "मी तुमचं कोनाला सांगितलं न्हाई. सांगनारबी न्हाई. पन आता इथंबी आपन येगळंच बसू."

त्या उठल्या, पाण्याची बाटली घेतली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मला झग्याच्या नाड्या बांधता आल्या नाहीत. मी नर्सला हाक मारली.

चार दिवसांनी मी मुख्याध्यापकांना सांगितलं की मला पुन्हा समितीपुढे बोलायचं आहे, आणि मातांनाही बोलवा. तीस-पस्तीस बाया आल्या. मी उभी राहिले आणि सांगितलं. गाठ कधी लागली, कधी लपवली, ऑपरेशन, केमो, शेक. केस तिरुपतीला दिले नाहीत, ते आजाराने गेले. हा आजार हाताने, अन्नाने, पाण्याने लागत नाही. लागत असता तर लग्नात जेवलेल्या सगळ्यांना लागला असता. खिचडीच्या बाईंना काढलं तेव्हा मला हे सगळं माहीत होतं, आणि मी बोलले नाही.

 मग वाकून पाया पडलेल्यांपैकी एक बाई मागून म्हणाली, "मंग ते लाडू कोनते व्हते?"

मी सांगितलं, दुसऱ्याने आणलेले होते. ती म्हणाली, "आमी देव्हाऱ्यात ठेवून खाल्ले की." तिच्या तोंडावरचा भाव माझ्या मनातून गेलेला नाही. माझ्या आजाराचं कुणाला फारसं वाटलं नाही. देवाच्या नावाने फसवलं, हे लागलं. आणि ते बरोबरच होतं.

समितीत ठराव फिरवायला कुणाचीच ना नव्हती. पण खिचडीच्या कामावर जुलैतच दुसऱ्या बाईंना घेतलं होतं. त्यांचा नवरा वारला होता, पदरात दोन लहान लेकरं. त्यांना काढा, असं कुणाच्या तोंडून निघेना. माझ्याही नाही. म्हणजे मी बोलले, पण ज्यांच्यासाठी बोलायला हवं होतं, त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

उलट माझंच कौतुक झालं. मॅडमने किती धाडस केलं, असं लोक म्हणू लागले. हिंगोलीहून बायांच्या एका कार्यक्रमाला बोलावणं आलं, 'आजारावर मात' या विषयावर बोला म्हणून. मी गेले नाही. खोटं बोलले तेव्हा लोकांनी पायांना हात लावले, खरं बोलले तेव्हा शाबासकी दिली. आणि जी बाई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती, तिच्या हातची खिचडी लेकरांना चालली नाही.

मी त्यांच्या घरी गेले. गावाबाहेर, कालव्याच्या कडेला त्यांचा मेंढरांचा वाडा आहे. त्या एका कोकराच्या पायाला औषध लावत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, माफ करा म्हणाले. त्यांनी कोकरू सोडलं आणि पदराला हात पुसले.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोक्यावरचं वझं उतरलं."

"तुमचं काम गेलं ते माझ्यामुळे."

"गेलं." त्यांनी नाही म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "पोरीला तेवढं ध्यान देऊन शिकवा. ती तुमचं नाव काढत न्हाई आता. पैले रोज काढायची."

पोरगी माझ्या वर्गात वर्षअखेरपर्यंत होती. विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून हात वर करायची नाही. गणितात, विज्ञानात पहिली आली. आता ती कुरुंद्याच्या शाळेत जाते. सकाळी रस्त्यात भेटली तर 'नमस्ते मॅडम' म्हणते आणि सायकल न थांबवता पुढे जाते.

सप्टेंबरनंतरची माझी पुढची तपासणी मार्चमध्ये होती. मंगळवार होता. मी पलीकडच्या बाकाकडे बघत तासभर बसले. त्या दिसल्या नाहीत, तेव्हा मला भलतीच भीती वाटली. खिडकीवरच्या सिस्टर आम्हा दोघींना ओळखायच्या. मी त्यांना विचारलं, "आमच्या गावच्या त्या बाई आल्या नाहीत का? बऱ्या आहेत ना?"

"त्या? एकदम बऱ्या आहेत," सिस्टर म्हणाल्या. "मागच्याच वेळी त्यांनी मंगळवार बदलून शुक्रवार मागून घेतला. बसची सोय नसेल." मग माझी फाइल पुढे ओढून विचारलं, "तुमचाही शुक्रवार करू का? सोबत होईल दोघींना."

"नको," मी म्हणाले. "मंगळवारच राहू द्या."